शब्दांवाचूनची ‘शक्ती’

‘महाविष्णु’ वाद्यवृंदातली विजेवरची गिटार बाजूस ठेवून जॉन मॅक्लॉफ्लिन साधी गिटार घेऊन बसले, सोबत एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकिर हुसेन यांचा तबला, विनायकराम यांचा घटम् आणि रामनाड राघवन यांचा मृदंगम्. १९७५ ची ती मैफल पुढल्या वर्षी ‘शक्ती’ या ध्वनिमुद्रिकेतून आली. गीत नाहीच. ‘जॉय’ची अठरा मिनिटे गिटार आणि व्हायोलिन एकमेकांचा सूर खाली पडू देत नाहीत. आमच्या सिन्नरच्या गोंदेश्वराच्या जोत्यावरही पाच देवळे. पण मधले मोठे. इथे मधले देऊळच नाही! २०२३ च्या ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळाले. शंकर महादेवन यांचा गळा गोडच, तरी मला तो पाहुण्यासारखा वाटतो. २०२४ च्या डिसेंबरात झाकिरभाई गेल्याचे कळले, तेव्हा घरात आम्ही ‘जॉय’च लावले.