अमर डॉक्टर आणि थकलेले शरीर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव सोलापुरात वाढलेल्या मुलाला कुणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा 1946 सालचा चित्रपट मी अलीकडे माझ्या विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा पाहिला. कोरोनाच्या साथीनंतर तो पाहताना जे खटकले ते येथे मांडतो आहे. कोटणिसांच्या त्यागाविषयी मला शंका नाही. प्रश्न आहे तो त्यागाची गोष्ट कोण सांगतो आणि ती कोणाच्या सोयीची ठरते, हा.

कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. चौघे परतले, ते तिथेच राहिले. जखमी सैनिकांवर त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, असे अभिमानाने सांगितले जाते. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे 32. चित्रपटाने मात्र भर दिला तो प्लेगच्या साथीवर इलाज शोधणाऱ्या आणि स्वतः तिच्या तावडीत सापडणाऱ्या नायकावर. साथीशी झुंज पडद्यावर शोभते. फेफरे येणारे, झोपेविना झिजलेले शरीर शोभत नाही. 72 तास जागणाऱ्या माणसाच्या मदतीला दुसरा डॉक्टर का नव्हता, हा प्रश्न 'अमर' या शब्दाखाली दडपला जातो.

हाच शब्द 2020 साली 'कोरोना योद्धा' होऊन परत आला. 22 मार्चला थाळ्या वाजल्या. 3 मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. आणि सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितले की साथीत मेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची नोंद केंद्राकडे ठेवली जात नाही. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनला 382 मृत डॉक्टरांची यादी स्वतःच प्रसिद्ध करावी लागली. ज्यांच्यावर फुले उधळली त्यांना मोजले नाही! योद्धा म्हटले की सोपे होते. योद्धा रजा मागत नाही, झोप मागत नाही, रिकाम्या पदांचा हिशेब मागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली. शक्ती संपणे, कामाविषयी मनात दुरावा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन लक्षणे. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणते. म्हणजे दोष थकणाऱ्याच्या मनाचा नाही, कामाच्या रचनेचा आहे. आपली पांढरपेशी भाषा मात्र थकव्याला दोनच जागा देते : दुबळेपणा, नाहीतर हौतात्म्य.

पण डॉक्टरांना निदान ही भाषा तरी मिळाली. त्यांची यादी करायला संघटना होती. वॉर्ड पुसणारे, स्ट्रेचर ओढणारे, प्रेते बांधणारे कोणत्या यादीत आहेत? ही कामे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्त्यांतून येतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील कोरोना वॉर्डात कंत्राटी सफाई कामगार होते. मी त्यांना विचारले, दमायला होत नव्हते का? ते म्हणाले, "दमलो म्हणलं की उद्या दुसरा माणूस उभा करत्यात, सर." जातिव्यवस्थेने श्रमिकांची उतरंड रचली, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले. त्या उतरंडीत थकवाही वाटला गेला आहे. वर बसलेल्याच्या थकव्याला नाव मिळते. खालच्याचा थकवा हा त्याचा स्वभावधर्मच मानला जातो.

हे बोट मी आपल्याकडेही वळवतो. 1897 च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंतच्या दवाखान्यासाठी सावित्रीबाई रोगी गोळा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मूल त्यांनी पाठीवर वाहून आणले, आणि 10 मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. तेव्हा त्या 66 वर्षांच्या होत्या. आपल्या कवितांतून त्या ज्योती होतात, माउली होतात. त्या पाठीला कळ लागली असेल, हे आपण किती वेळा लिहिले? प्रस्थापितांच्या उदात्तीकरणावर टीका करायची आणि आपल्या माणसांचे देव करायचे, हे दलित साहित्याला शोभणारे नाही.

'दमलो' हे उघड म्हणणे हाच मला येथे नकाराचा पहिला शब्द वाटतो. 15 जून 2021 पासून महाराष्ट्रातील आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा त्यांनी हाच शब्द सामूहिकपणे उच्चारला. जुलैपासून त्यांना 1,500 रुपयांची वाढ मिळाली. रक्कम तुटपुंजी होती, पण ती मागितल्यामुळे मिळाली. फुले मात्र न मागता मिळाली होती.

साथीवर आपल्याकडे आता कथा-कविता येऊ लागल्या आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो : नायक शोधू नका. ड्यूटी किती तासांची होती, हातमोजे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, घरी परतल्यावर कोण कोठे निजले, ते लिहा. डॉक्टराचा थकवाही लिहा; तो खोटा नाही. पण त्याच पानावर त्याच्यामागे वॉर्ड पुसणाराही असला पाहिजे, कारण दोघांच्याही वाट्याला आलेले काम तिसऱ्या, न भरलेल्या माणसाचे होते.