कुलूप-किल्लीची अपुरी उपमा

भाईंदर पूर्वेला गोडदेव येथे दहावीच्या मुलांशी मधुमेहावर बोलत होतो. फळ्यावर नेहमीचे चित्र काढले : पेशी म्हणजे घर, इन्शुलिन म्हणजे किल्ली, ग्लुकोज म्हणजे दाराबाहेर ताटकळणारा पाहुणा. एका मुलीने विचारले, "सर, माझी आजी रात्री आठनंतर काही खात नाही. तरी सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली असते. घरचे म्हणतात, ती चोरून गोड खाते. खरं असेल?"

माझ्या चित्रात याचे उत्तर नव्हते. पाहुणा बाहेरूनच आला पाहिजे, असे ते चित्र सुचवते. दोष इथेच आहे.

किल्लीची उपमा स्नायू आणि मेदपेशी यांना लागू पडते, यकृताला नाही. यकृतात इन्शुलिन ब्रेकचे काम करते. उपाशी असताना यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ग्लुकोज सोडते, तसेच लॅक्टेट, ग्लिसेरॉल व स्नायूंतून येणारी ॲलानिनसारखी ॲमिनो आम्ले वापरून ते नव्याने तयारही करते. इन्शुलिनने या कामाला आवर घालायचा असतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले, की हा ब्रेक घसरतो. आजी झोपलेली असते. तिचे यकृत जागेच असते.

चित्रात न मावणारे आणखी एक काम आहे. स्नायूंतील प्रथिनांची मोड इन्शुलिन आवरते. शिवाय ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन या ॲमिनो आम्लांचे ज्वलन इन्शुलिनरोधात यकृतात व मेदऊतीत मंदावलेले आढळते. म्हणून रक्तात ती वाढतात. लठ्ठ व्यक्तींमध्ये ही वाढ फेलिग व सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच दाखवली होती. फ्रॅमिंगहॅमच्या २०११ मधील अभ्यासात ही तीन, तसेच टायरोसिन व फिनाइलॲलानिन, मधुमेह होण्याआधी १२ वर्षांपर्यंत वाढलेली दिसली. मात्र आधी दिसले म्हणजे कारण ठरले असे नव्हे. आनुवंशिक पुरावा उलट इन्शुलिनरोधामुळेच ती वाढतात याकडे बोट दाखवतो. तेव्हा डाळ सोडण्याचा सल्ला यातून काढू नये.

"आपण सडपातळ, आपल्याला काय त्याचे?" असेही मुले म्हणतील. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.

शिक्षकांनी किल्ली पुसू नये. शेजारी ब्रेक काढावा. निदान एखाद्या आजीवरचा आळ तरी टळेल.