‘पोल्का पार्टी!’ : एका उपेक्षित विडंबन-अल्बमचे पुनर्मूल्यमापन

अमेरिकन विडंबनगायक ‘विअर्ड अल’ यांकोविक यांचा ‘पोल्का पार्टी!’ (१९८६) हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत १७७ व्या क्रमांकापुढे गेला नाही आणि अपयशी ठरविला गेला. हा निर्णय विक्रीचा आहे, गुणवत्तेचा नव्हे. जेम्स ब्राऊन यांच्या देशगौरवपर गीताला हर्नियाच्या व्यथेत उतरविणारे विडंबन मूळ गीताच्या आधाराने उभे राहते. ‘ख्रिसमस अ‍ॅट ग्राउंड झीरो’ ही मात्र स्वतंत्र रचना आहे. नाताळगीताच्या प्रसन्न सुरावटीत अणुसंहार वर्णून ती शीतयुद्धकालीन भयाला भिडते. येथे विडंबन एखाद्या गीताचे नसून निश्चिंत समाजमनाचे आहे. अल्बममधील काही विडंबने मूळ गीतांबरोबरच शिळी झाली, हे मान्य करूनही विडंबनाची स्वायत्त शक्ती सिद्ध करणाऱ्या या रचनेमुळे हा अल्बम अभ्यासनीय ठरतो.