सही जुळत नाही

चिरंजीवांबरोबर सिनेमा पाहणे म्हणजे ऑडिटरला शेजारी बसवून नोटा मोजणे. परवा घरी १९८९ सालचा ‘बॅटमॅन’ लावला होता. सिनेमा संपत आला आणि चिरंजीव ताडकन उठले, ‘‘बाबा, चूक! बॅटमॅनच्या आईवडिलांना जोकर मारत नाही. कॉमिकमध्ये जो चिल मारतो!’’

आता सह्या ताडून पाहणे हा माझा वीस वर्षांचा धंदा. मूळ नमुना पाहिल्याशिवाय मी घरातली वाण्याची यादीसुद्धा पास करत नाही. नमुना काढला, तर काय? १९३९ साली कॉमिकमध्ये त्या खुन्याला नावच नव्हते. ‘जो चिल’ हे बारसे १९४८ सालचे! १९३८ चा सुपरमॅन तर उडतही नव्हता, दोनेकशे मीटरच्या नुसत्या उड्या मारायचा. म्हणजे खातेदारानेच वेळोवेळी सही बदललेली. एकट्या सिनेमावाल्याला का धरा? शिवाय अगदी हुबेहूब जुळणारी सही दिसली, की आम्हाला उलट संशय येतो. ती बहुधा गिरवलेली असते.

मग पाहायचे काय? तर वळण. स्पायडरमॅन घ्या. १९६२ च्या कॉमिकमध्ये पोरगा जाळे फेकायचे यंत्र स्वतः बनवतो. २००२ च्या सिनेमात जाळे थेट मनगटातूनच येते. भक्तमंडळी खवळली. मी म्हणतो, पास! कारण ‘मला काय त्याचे’ म्हणून त्याने चोराला सोडणे आणि त्याच चोराने काकांचा जीव घेणे, ही मूळ नोंद जागच्या जागी आहे. पण २००७ च्या तिसऱ्या भागात त्याच दिग्दर्शकाने तो खून एका बड्या खलनायकाच्या खात्यावर वळता केला. पोराच्या मनाची टोचणी निम्म्याने उतरली. चेक परत!

जोकरचेही तेच. बॅटमॅनचे मूळ दुःख हे, की मारणारा कुणी एक भुरटा होता. हिशेब चुकता करायला समोर माणूसच नाही, म्हणून तो रोज रात्री बाहेर पडतो. जोकरला खुनी केले, की जोकर पडला आणि खाते बंद! दुसऱ्या रात्री कामावर यायचे कशाला?

‘‘म्हणजे माझंच बरोबर!’’ चिरंजीव म्हणाले.

‘‘उत्तर बरोबर, रीत चूक. नावं काय जुळवतोस? आतला माणूस तोच आहे का, ते बघावं.’’

इथे थांबलो असतो तर निभावले असते. पण भरात येऊन काउंटरवरची हकिगत सांगून बसलो. मागे एक पेन्शनर आजोबा आले होते. हात थरथरत होता, सही कार्डाशी जुळेना. म्हणाले, ‘‘अहो, सही म्हातारी झालीय, माणूस तोच आहे.’’

‘‘मग दिलेत ना पैसे?’’

‘‘नाही रे… नियम असतात…’’

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. जोकरकडेसुद्धा त्यांनी तसे पाहिले नव्हते.