शहरवर्णनाची कसोटी

शहरवर्णनपर ग्रंथाची योग्यता त्यांतील माहितीच्या विपुलतेवरून ठरवावी, असें आम्ही पुष्कळ वर्षें मानीत आलों. ना. वि. जोशी यांचें १८६८ सालचें 'पुणें शहराचें वर्णन' आम्हांस याच कारणानें आदरणीय वाटे, व अजूनही वाटतें. परंतु उतारवयांत पुण्यास नव्यानें राहावयास आल्यावर ही कसोटी अपुरी आहे, असें आमच्या ध्यानांत आलें.

२९ सप्टेंबर २०२४ रोजीं जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला. त्या गाडींत बसलें कीं मुठा नदी डोक्यावरून जाते, पण दिसत नाहीं. कसबा पेठ, मंडई, स्वारगेट हीं नांवें मात्र क्रमानें पाठ होतात. आम्हांस वाटलें, शहर कळलें! मग एके दिवशीं कसबा पेठेस उतरून मंडईपर्यंत पायीं निघालों आणि तासाभरांत तीन वेळां वाट चुकलों. पासोड्या विठोबाजवळ एका वृद्ध दुकानदारास रस्ता विचारला. त्यांनीं तो दाखविलाच. शिवाय येथें पूर्वीं पासोड्या विकत, म्हणून देवास हें नांव पडलें, असेंही सांगितलें. गाडीनें आम्हांस नांवें दिलीं होतीं. त्यांचा अर्थ वाट विचारण्याची गरज पडली तेव्हां मिळाला.

विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाचें मर्म आम्हांस तेव्हां उमगलें. १८५७ सालीं कर्ज फेडण्यासाठीं दक्षिणेच्या आशेनें वरसईहून निघालेल्या या भिक्षुकास प्रत्येक गांवीं आश्रय व अन्न शोधावें लागलें. झाशी त्यांच्या लेखणींत जिवंत उतरली, ती केवळ तेथील वेढा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला म्हणून नव्हे. त्या शहरावांचून त्यांचें चालणार नव्हतें, म्हणूनही. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं तें लिखाण प्रसिद्ध केलें, हे त्यांचे आपणांवर उपकारच होत.

मेट्रोची आम्ही निंदा करीत नाहीं. ती नसती तर आमच्यासारखा पन्नाशी उलटलेला मनुष्य त्या गर्दींत जाण्यास धजावलाच नसता. परंतु ती वेशीपर्यंत पोंचविते. वर्णनकारानें तेथेंच थांबूं नये. यापुढें असें पुस्तक हातीं आलें, तर लेखकास किती ठाऊक आहे हें आम्ही पाहूंच. पण त्यास तेथें कोणाकडे काय मागावें लागलें, हें अगोदर पाहूं.