दम्याचा अहवाल आणि बारा पंपांचा प्रश्न

दम्याने माणूस दगावतो तो दमा फार तीव्र असला तरच, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वर्गातल्या एखाद्या मुलाला अधूनमधून धाप लागते, पंप ओढला की ते पुन्हा खेळायला पळते. त्याचा दमा 'साधा' आहे असे आपण, आणि पुष्कळदा डॉक्टरही, धरून चालतो. या समजाला धक्का देणारा एक अहवाल ब्रिटनमध्ये मे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'दमा अजूनही जीव का घेतो' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक असून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो काढला. दवाखान्यांनी मुलांचा दमा कसा हाताळावा, या चर्चेत तो महत्त्वाचा मानला जातो. म्हणूनच त्याचे गुण आणि उणिवा दोन्ही तपासणे आम्हाला आवश्यक वाटते.

फेब्रुवारी २०१२ ते जानेवारी २०१३ या वर्षातील २७६ मृत्यूंची कागदपत्रे तज्ज्ञांच्या गटांनी एकेक करून वाचली. त्यांपैकी १९५ मृत्यू दम्यानेच झाले, असा निष्कर्ष निघाला. या १९५ जणांत २८ जण वीस वर्षांखालचे होते आणि त्यांतल्या दहा मुलांनी वयाची दहा वर्षेही पूर्ण केलेली नव्हती. सरासऱ्यांवर न थांबता एकेका मृत्यूमागची हकिगत पाहणे, हा या अहवालाचा मोठा गुण आहे.

या हकिगतींतून काय दिसले? ज्यांच्या दम्याची तीव्रता ठरवता आली, त्यांपैकी ५८ टक्के लोकांचा दमा सौम्य किंवा मध्यम समजला जात होता. ४३ टक्के लोकांची आदल्या वर्षभरात दम्याची नियमित तपासणी झाल्याची नोंदच नव्हती. झटका आल्यास काय करायचे, कोणते औषध किती घ्यायचे, डॉक्टरकडे केव्हा धावायचे, हे लिहिलेला कागद फक्त २३ टक्के लोकांना दिलेला होता. आणि ४५ टक्के लोक वैद्यकीय मदत न मागताच किंवा ती मिळण्यापूर्वी मरण पावले.

अहवालातील सर्वांत बोलका भाग पंपांच्या मोजणीचा आहे. तो समजण्यासाठी दम्यात काय होते ते आठवू या. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नलिकांचे आतले अस्तर सुजून चिकट स्राव साठतो. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सुजेला हात लावत नाही. सूज कमी करतो तो स्टेरॉइडचा पंप. त्याचा परिणाम हळूहळू होतो, लगेच काही जाणवत नाही, म्हणून तोच आधी सोडून दिला जातो. अहवालात नेमके हेच दिसते. ज्या १६५ जणांच्या आराम देणाऱ्या पंपांची नोंद मिळाली, त्यांपैकी ६५ जणांना वर्षात बारांहून अधिक पंप लिहून दिलेले होते. उलट, सूज कमी करणाऱ्या पंपांची नोंद मिळालेल्या १२८ जणांपैकी ४९ जणांना वर्षात चारही पंप दिले गेले नव्हते.

आता थोडे गणित करू. एका पंपात २०० फवारे असतात. बारा पंप म्हणजे २४०० फवारे, म्हणजे रोज साधारण साडेसहा. सहा वर्षांवरील मुलाचा दमा काबूत असेल, तर आराम देणारे औषध आठवड्यातून दोनदांहून जास्त लागू नये. एका वेळी दोन फवारे धरले, तर वर्षाला होतात २०८. म्हणजे जेमतेम एक पंप!

इथेच आमचा पहिला आक्षेप आहे. वर्षात बारांहून अधिक पंप लागणाऱ्यांना तातडीने तपासणीस बोलवावे, अशी अहवालाची शिफारस आहे. बारा पंप सुरक्षित आहेत असे अहवाल म्हणत नाही, हे मान्य. पण आकडा एकदा छापला गेला की तो मर्यादा बनतो, आणि अकरा पंप संपवणारे मूल दवाखान्याला ठीक वाटू लागते. दम्यावरील 'जिना' ही जागतिक मार्गदर्शिका वर्षाला तीन पंपांपासूनच धोक्याची सूचना देते. नोव्हेंबर २०२४ च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेने तर कोणत्याही वयाच्या दमेकऱ्याला स्टेरॉइडच्या पंपाशिवाय नुसता आराम देणारा पंप लिहून देऊ नये, असे सांगितले.

दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे. वरिष्ठ वर्गातील विद्यार्थ्यांनी त्यावर जरूर विचार करावा. मेलेल्यांपैकी ७७ टक्के लोकांकडे लेखी सूचनांचा कागद नव्हता. पण जगलेल्या दमेकऱ्यांपैकी किती जणांकडे तो होता? ही तुलना केल्याशिवाय कागद नसल्यामुळे मृत्यू आला, असे म्हणता येत नाही. अहवालाने फक्त मृत्यू तपासले. त्यामुळे तो संशयाची जागा दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. कागदाचा उपयोग दाखवायला वेगळे प्रयोग लागतात. मुलांवरील अशा प्रयोगांत आढळले, की फुंकर मोजण्याच्या यंत्रावर आधारलेल्या सूचनांपेक्षा लक्षणांवर आधारलेल्या सूचना मिळालेल्या मुलांना झटक्यासाठी डॉक्टरकडे कमी वेळा धावावे लागले. म्हणजे यंत्र नसलेला छोटा दवाखानाही हे काम करू शकतो.

तिसरी गोष्ट आपल्याशी निगडित आहे. मुलांना शिकवणाऱ्यांनाही दम्याची माहिती द्यावी, असे अहवाल म्हणतो. इंग्लंडमधील शाळांना १ ऑक्टोबर २०१४ पासून तातडीसाठी साल्ब्युटामॉलचा पंप चिठ्ठीविना विकत घेऊन ठेवण्याची मुभाही मिळाली. पण ही सगळी वाट दवाखान्याकडून शाळेकडे येणारी आहे. खेळाच्या तासाला कोण मागे राहते, खोकल्यामुळे झोप न झालेले कोण बाकावर पेंगते, हे शिक्षकाला दिसते. ते दवाखान्यापर्यंत कसे पोहोचायचे?

ब्रिटनमध्ये रुग्णाची नोंद ठरलेल्या डॉक्टरकडे असते, म्हणून पंप मोजता तरी आले. आपल्याकडे चिठ्ठी रुग्णाच्याच पिशवीत राहते, डॉक्टर बदलतात, आणि 'पंपाची सवय लागते' या भीतीने पालक पंप लपवतातही. अशा वेळी मोजदाद मुलाच्या वहीतच व्हायला हवी. नवा पंप आणला की तारीख लिहायची, शाळेत धाप लागली की शिक्षकांनी तिथेच एक ओळ लिहायची, आणि दवाखान्यात जाताना वही सोबत न्यायची. शाळेसाठी वेगळा पंप घेतला असेल किंवा एखादा हरवला असेल, तर तेही वहीत कळेल. आकडा वाढला म्हणून मुलाला कोणी उगाच दोष देणार नाही. वही पाहून डॉक्टरांनी एवढेच विचारले तरी पुष्कळ झाले: मागचा पंप कधी आणला होता, आणि तो इतक्या लवकर का संपला?