‘सुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ एका शब्दाच्या शोधाने सुरू होते. अकरा वर्षांचा जोनस सायकलवरून घरी चाललाय. डिसेंबर जवळ आलाय आणि त्या महिन्यात त्याला आयुष्यभराचं काम नेमून दिलं जाणार आहे. आपण घाबरलोय का? छे, भीती हा शब्द फार मोठा होतो. उत्सुकता? तीही पूर्ण बसत नाही. शेवटी त्याला हवा तो शब्द सापडतो. मराठीत आपण त्याला ‘धाकधूक’ म्हणू.

ही कादंबरी १९९३ साली आली, १९९४ साली तिला न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेत कितीतरी शाळांत ती शिकवली जाते आणि ती शाळांतून काढून टाका म्हणून तक्रारीही होत आल्या आहेत. तिची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात उरकलेली असते: भावना नसलेल्या समाजाची गोष्ट. मला ही ओळख पटत नाही. (पुढे कथानक उघड होणार आहे. पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

जोनसच्या घरी रोज रात्री जेवणानंतर प्रत्येकाने आपापली भावना सांगायची असते. सकाळी स्वप्न सांगायचं. धाकटी लिली म्हणते, आज मला खेळताना एका मुलाचा राग आला. आईबाबा दोन प्रश्न विचारतात, चर्चा होते, राग गेला. आपल्यापैकी किती जणांच्या घरी एवढी विचारपूस होते? पुढे जोनसला समाजाच्या जुन्या आठवणी सांभाळण्याचं काम मिळतं. एक वृद्ध माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवून बर्फ, ऊन, लाल रंग, युद्ध, भूक असं एकेक त्याच्यात उतरवत जातो. तेव्हा कुठे जोनसच्या लक्षात येतं, की लिलीचा तो राग नव्हताच. ती चिडचिड होती, वरवरची. घरात ‘राग’ हा शब्द रोज वापरला जात होता, पण खरा राग कुणालाच माहीत नव्हता.

म्हणजे इथे भावना बंद केलेल्या नाहीत. शब्द आतून पोखरलेत आणि टरफलं जागेवर ठेवली आहेत. ‘अचूक भाषा वापर’ हा तिथला लाडका नियम. एकदा एका नव्या आठवणीने भारावलेला जोनस आईबाबांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात. आई समजावते, हा शब्द आता अर्थहीन झालाय. आमची तुझ्याबरोबर मजा येते का, तुझा अभिमान वाटतो का, असं विचार. या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो होतो. कारण हा प्रश्न आमच्याही घरी कुणी कधी विचारला नाही. आमच्याकडे त्याऐवजी ‘जेवलास का?’ असतं, ‘पोचलास की फोन कर’ असतं. पण तिथे न उच्चारलेला शब्द सगळ्यांना ऐकू येतो. जोनसच्या घरात तो उच्चारूनही पोचत नाही.

हेच ‘रिलीज’ या शब्दाचं. म्हाताऱ्यांना समारंभ करून ‘रिलीज’ करतात. तीनदा नियम मोडणाऱ्यांना करतात. जुळी जन्मली तर कमी वजनाच्या बाळाला करतात. मराठीत यासाठी ‘सुटका’ लिहावं लागेल, आणि इथे अंगावर काटा येतो, कारण आपण हा शब्द नेमका त्याच जागी वापरतो. दीर्घ आजारातून माणूस गेला की कुणीतरी म्हणतंच, ‘सुटला बिचारा.’ पण म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं काय झालंय ते. शब्दाखाली रडू असतं. जोनस एक चित्रफीत पाहतो. त्याचे बाबा, घरी गेब्रिएल नावाच्या अशक्त बाळाला जीव लावणारे बाबा, लाडिक आवाजात बोलत एका नवजात बाळाच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, त्याला खोक्यात ठेवतात, खोकं खाली सोडून देतात आणि हात हलवून टाटा करतात. त्यांच्या शब्दाखाली काहीच नाही.

तरीही या प्रसंगामुळेच माझी पुस्तकाबद्दल एक तक्रार आहे. सुई दिसल्यावर वाद संपतो. बाळाला मारणारा समाज वाईट, हे ठरवायला आठवणी लागत नाहीत, रंगही लागत नाहीत. खरा अवघड प्रश्न वेगळा: कुणालाच मारलं जात नसतं, नुसती शांतता, पोटभर अन्न आणि करडं जग असतं, तर जोनस पळाला असता का? तो पळाला तर आपण त्याच्या बाजूने असतो का? लाउरी या प्रश्नाजवळ येऊन जातात. नागरिकांना जन्मसंख्या वाढवायची असते, तेव्हा फक्त त्या वृद्धालाच भूक आठवते, म्हणून तो नको म्हणतो. हा प्रसंग मला सुईपेक्षा जास्त पटतो, पण तो लगेच आटपतो. शेवटची पळापळही घाईत उरकली आहे. बर्फातला संदिग्ध शेवट मात्र मला आवडतो. २०१४ च्या सिनेमाने तर जोनसचं वय वाढवून त्याला एक प्रेमकथाही जोडून दिली.

सुई नसलेला तो प्रश्न लाउरींनी कादंबरीबाहेर मांडलाय. न्यूबेरी पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या वडिलांबद्दल सांगितलं. वडील नव्वदीकडे झुकलेले, स्मरणशक्ती जात चाललेली. भिंतीवर घरच्यांचे फोटो लावलेले. लाउरींची थोरली बहीण हेलन तरुण वयातच गेली होती. वडिलांनी तिचा फोटो ओळखला, नावही बरोबर सांगितलं. फक्त तिचं पुढे काय झालं ते त्यांना आठवेना. ते जरासे गोंधळले होते, पण त्यांना वाईट मुळीच वाटत नव्हतं.